भूत, न उघडलेलं

१९३९ साली अमेरिकेतल्या सॉक सिटीत ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वाँड्रेई यांनी ‘आर्कहॅम हाऊस’ ही प्रकाशनसंस्था काढली नि लव्हक्राफ्टच्या भयकथांच्या संग्रहाच्या १,२६८ प्रती छापल्या. किंमत ५ डॉलर. त्या खपता खपता चार वर्षं गेली! आज त्याच प्रतीला हजारो डॉलर मोजतात. वाचायला नव्हे हो, प्लॅस्टिकच्या वेष्टनात घालून कपाटात कुलूपबंद ठेवायला. पान उलटलं की बांधणी सैल, भाव खाली. अंगावर काटा येतो तो एवढ्यानंच. एम. आर. जेम्सच्या कथांत जुन्या वस्तूंना हपापलेले विद्वान हमखास भुताच्या तावडीत सापडतात. संग्राहकांना याची खबर नसावी. त्यासाठी पुस्तक उघडावं लागतं. आतलं भूत बिचारं केव्हाचं पुठ्ठ्यावर टकटक करतंय.