पाडलेली मुंबई

सांगलीहून काका आले की गेटवे, ताज दाखवायचं आणि चौपाटीवर भेळ खायला घालायची, हा आमच्या घरचा शिरस्ता. पण मी नुकतीच जुन्या मुंबईवरची चार पुस्तकं वाचली होती. चार पुस्तकं वाचलेला माणूस आणि नवी सायकल मिळालेलं पोर, दोघांच्याही वाटेत येऊ नये. काका आले.

"आज पाडलेल्या इमारती दाखवतो," मी म्हणालो.

"पाडलेल्या? बरं," म्हणत त्यांनी चपला घातल्या.

चर्चगेटला उतरलो. "गेट कुठाय?"

"१८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरने कोटाच्या भिंती पाडल्या, त्यात गेलं. आणि ते इथं नव्हतंच. फ्लोरा फाउंटन आहे तिथं होतं."

"मग हितं कशाला उतरलो?"

भर उन्हात तंगडतोड करत फाउंटन गाठलं आणि पुढं काळा घोडा. सातव्या एडवर्डचा तो अश्वारूढ पुतळा १९६५ मध्येच तिथून हलवलाय. २०१७ मध्ये बसवलेल्या नव्या घोड्यावर स्वारच नाही. काका घोड्याच्या रिकाम्या पाठीकडे बघत म्हणाले, "राजा उतरून चहाला गेला वाटतं. आपण कधी जायचं?"

चहा राहिला, कारण मला ग्रीन्स हॉटेल गाठायचं होतं. ते ताजला खेटून होतं. ते पाडून तिथं ताजचा टॉवर उभा राहिला, १९७३ साली. मी टॉवरकडे बोट दाखवून ग्रीन्सबद्दल बोलत होतो आणि काका माझ्याकडे पाठ करून गेटवेचा फोटो काढत होते.

शेवटचा हुकमी एक्का म्हणजे कुलाबा स्टेशन. १९३० अखेरपर्यंत गाड्या चर्चगेटच्या पुढं थेट कुलाब्यापर्यंत जायच्या. आज त्या जागी बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. फाटकावर वॉचमनने अडवलं.

"किसके पास जाना है?"

"स्टेशन देखना है."

त्याने आम्हा दोघांना आपादमस्तक न्याहाळलं आणि काकांकडे वळून अदबीनं म्हणाला, "स्टेशन चर्चगेट में है, बाबूजी. टॅक्सी कर लो."

काका टॅक्सीत बसेपर्यंत हसत होते. म्हटलं, निदान अस्सल काळा घोडा तरी दाखवू. तो भायखळ्याला राणीच्या बागेत सुखरूप आहे. तुम्हीही अवश्य बघा. फक्त बुधवारी जाऊ नका, बाग बंद असते. आम्ही गेलो तो बुधवारच होता.