कणगी केवढी असावी?

बुद्धिबळाचं इंजिन घरात आणलं की ‘हॅश’ या चौकटीत मावेल तेवढा मोठा आकडा टाकावा, अशी सर्वत्र रूढी आहे. आजऱ्यात ती चालू नये. इथे घनसाळ तांदूळ पिकतो, आणि कणगी मालकाच्या हौसेवर नव्हे, शेताच्या उताऱ्यावर बेततात. हॅश टेबल ही इंजिनाची कणगीच. गडहिंग्लजवरून या की उत्तूरवरून, पोचायचं आजऱ्यालाच. तसं आधी वजिरापुढचं प्यादं ढकला की उंटापुढचं, पटावर मांडणी एकच होते. अल्बर्ट झोब्रिस्टने १९७० साली मांडलेल्या युक्तीने अशा प्रत्येक मांडणीला एक संख्या मिळते. त्या संख्येवरून इंजिन कणगीत साठवलेला जुना निष्कर्ष शोधतं आणि झालेली मळणी पुन्हा करत नाही.

म्हणून पहिली पायरी : पीक मोजा. स्टॉकफिश या इंजिनाची मूळ कणगी १६ एमबीची. एक नोंद १० बाइटची, तीन नोंदींची पुडी ३२ बाइटची. म्हणजे साधारण पंधरा लाख सत्तर हजार दाणे. इंजिन साध्या लॅपटॉपवरही सेकंदाला लाखो मांडण्या चाळतं. झटपट डावाला एवढी जागा बहुधा पुरते. रात्रभर एकाच मांडणीवर बसवलंत तर उतू जाते. पण उतू गेली म्हणून आकाश कोसळत नाही. जुन्या आणि उथळ शोधाच्या नोंदी आधी बाहेर पडतात, खोल शोधाच्या टिकतात. त्यामुळे दुप्पट कणगीने दुप्पट अक्कल येत नाही, थोडी फेरमळणी वाचते.

कोणी म्हणेल, ‘मेमरी स्वस्त आहे, मग भरपूर दिली तर बिघडलं कुठे?’ बिघडतं. आठ जीबीच्या यंत्रात आठ जीबीची कणगी बांधली की उरलेलं घर ओसरीवर येतं. दाणे डिस्कवर जातात आणि एकेक आणायला इंजिन खोळंबतं. ‘मग १६ वरच ठेवू’ हाही आळसच. इंजिन स्वतःच हजारात किती जागा भरली ते दाखवतं. आकडा लगेच हजाराला टेकला तर कणगी दुप्पट करा. निम्म्यावरच रेंगाळला तर हात आवरा.

एवढं करूनही स्वतःचा डाव हरलात, तर कणगीकडे बोट दाखवू नये. तिच्यातलं भात इंजिनाचं होतं.