नकलेची नक्कल

जुन्या टीव्ही गेमचे यंत्र घरच्या संगणकावर हुबेहूब वठवणारे सॉफ्टवेअर म्हणजे एम्युलेटर. १९९९ च्या सुमारास बाजारात मिळणारे टीव्ही गेम बहुधा निन्टेन्डोच्या १९८३ च्या ‘फॅमिकॉम’च्या नकला असत. मूळ यंत्राचा प्रोसेसर जेमतेम १.७९ मेगाहर्ट्‌झचा. त्याचा वारस सुपर निन्टेन्डो ३.५८ चा, पण तो तंतोतंत वठवायला ३ गिगाहर्ट्‌झचा संगणक लागतो, कारण प्रोसेसर, चित्र आणि आवाज यांच्या चिपा ठोक्याठोक्याला जुळवाव्या लागतात.

खरी पंचाईत कॅसेटची. अस्सल कॅसेटची अंतर्रचना अभ्यासकांनी नीट नोंदवली आहे. ‘९९९९९९ इन १’सारख्या नकली कॅसेटची मात्र प्रत्येक कारखान्याची तऱ्हा न्यारी, नकलाकार कागदपत्रे ठेवत नाहीत. त्यामुळे अस्सल खेळ सुरळीत चालतो आणि तेच पाचपन्नास खेळ नावे बदलून लाखांत मोजणारी नक्कल एम्युलेटरला अडवते.

टीव्ही गेममध्ये बदके टिपायच्या बंदुकीचे तर विचारूच नये. ती काचेच्या नळीच्या पडद्यावरची क्षणिक चमक टिपते. सपाट पडदा उशिरा उजळतो, बदक वाचते. शिकारीची हौस असलेल्यांनी जुना टीव्ही भंगारात देऊ नये.