लिंबूटिंबूंसाठी गोल्फ

मुलगा दुबईला असला आणि सून फोनवर "जानेवारीत या, मामंजी, हवा छान असते" म्हणाली, की समजावं, पोराला गोल्फचा नाद लागलाय. हवा हे निमित्त. माझ्यावर ही पाळी येऊन गेली. नंदगडात पोरं बाहेर मुलखात असलेली घरं आता थोडीथोडकी नाहीत, तेव्हा पुढच्याला ठेच लागू नये म्हणून चार गोष्टी लिहून ठेवतो. लिहिणाऱ्याने आयुष्यभर भुसारी दुकान चालवलंय, त्यामुळे माप चोख मिळेल. खेळ मात्र शिकवता येणार नाही, तो मला आलेला नाही.

आधी 'सोसायटी' हा शब्द सोडवून घ्या. आपल्याकडे सोसायटी म्हटली की कृषी पत्तीन: खत, कर्ज आणि निवडणूक. गोल्फच्या सोसायटीला गोदाम नसतं, जमीन नसते, स्वतःचं मैदानसुद्धा नसतं. चाळीसेक हौशी माणसं वर्गणी काढतात, आज या क्लबात उद्या त्या क्लबात पैसे भरून खेळतात आणि उरलेल्या वर्गणीची बक्षिसं करून आपसातच वाटून घेतात. म्हणजे भिशी. फक्त काठ्या घेऊन करायची. वर्षातून एकदा हे लोक सबंध आठवडा रजा टाकून रोज एक स्पर्धा खेळतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यात वडिलांना बोलावतात.

सामानाची चिंता नको. पिशवीत चौदाच्या वर काठ्या ठेवल्या तर दंड बसतो; नवशिक्याला तीन पुष्कळ झाल्या: एक लांब मारायला, एक वाळूतून उकरायला, एक शेवटी ढकलायला. चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड चालत नाही. मी परत आल्यावर दुकानातल्या काट्यावर टाकून बघितला, काट्याने ४६ दाखवले. पाच-सहा सुपाऱ्यांचं वजन. तो ज्यात घालायचा ते भोक १०८ मिलिमीटर रुंद. दुकानात माझ्या आजोबांचं शेराचं माप आहे, त्याचं तोंड साधारण तेवढंच. एवढ्याशा तोंडात एवढीशी सुपारी टाकायला चारशे-पाचशे मीटर दूर उभं राहायचं, हा त्या लोकांचा आग्रह.

आता काठी कशी धरायची. इथे नंदगडच्या माणसाला एक फायदा आणि एक तोटा आहे, आणि दोन्हींचं मूळ एकच, विटीदांडू. भात कापून झालं की शेतात खळगा खणून जो पोरगा विटी कोलत मोठा झाला, त्याला काठीचं भय नसतं. पण विटी टोकावर टिचकी बसली की हवेत उडते आणि उडती असतानाच तिला हाणायची असते. विचार करायला फुरसतच नाही. गोल्फचा चेंडू जागच्या जागी बसून तुमच्याकडे बघत राहतो. तो बघतो, तुम्ही बघता, मागे चौघं बघत असतात. डोकं खाली ठेवा, डावा हात सरळ ठेवा, गुडघे सैल सोडा, असं मुलगा कानाशी सांगत असतो. ही सगळी कलमं पाळून मी पहिला फटका मारला तेव्हा हिरवळीचा तळहाताएवढा तुकडा माझ्या चेंडूच्या बराच पुढे गेला. तो आणून जागेवर बसवायचा आणि पायाने दाबायचा. हे काम मला उत्तम जमलं. लावणीची सवय.

(गवताचं तिथे फार अप्रूप आहे. पूर्वी दुबईत वाळूवरच खेळायचे, हिरवळीच्या जागी तेल घालून दाबलेली वाळू. सबंध आखाती मुलखातलं पहिलं गवताचं मैदान तिथे १९८८ साली झालं, एमिरेट्स गोल्फ क्लबचं. मी हे ऐकलं आणि खानापूरच्या पावसात नुसतं टाकलेलं परसू आठवलं, गुडघ्याएवढं गवत, फुकट.)

मोजणीला या. विटीदांडूत आपण वकट, लेंड, मूंड, नाल करत जातो. हे आकडे मराठी नाहीत, शेजारच्या कानडीतलेही नाहीत, ते थेट तेलुगूतून आले: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. कुठल्या वाटेने आले देव जाणे, पण आमच्या शिवारात कानडी आणि मराठी पोरं भांडायची ती तेलुगूत मोजून. त्या मोजणीत जेवढं जास्त तेवढं चांगलं. भुसाऱ्याचंही तसंच, धान्य मापताना आम्ही 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो, मग दोन, तीन. गोल्फमध्ये उलटं आहे. जितके फटके कमी तितकं भलं. पहिल्या भोकावर मी सवयीने मोठ्याने "लाभ" म्हणालो आणि लाभ होत होत अकरावर गेलो.

हे अकरा प्रकरण नीट समजून घ्या, आठवड्याची इज्जत यावर आहे.

आपल्या खेळात धाकटा भाऊ रडायला लागला की त्याला लिंबूटिंबू म्हणून घेतात. तो पळतो, कोलतो, झेल सोडतो. तो बाद होत नाही आणि त्याचे गुणही कुणी धरत नाही. गोऱ्या लोकांनी याच लिंबूटिंबूला कागदपत्रं करून दिली आहेत, त्याला हँडिकॅप म्हणतात. सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझा चेहरा, गुडघे आणि पायातल्या चपला क्रमाने बघून माझ्या नावापुढे ५४ लिहिलं. २०२० पासून जगभर एकच पद्धत आहे आणि तिच्यात याहून मोठा आकडा नाही. म्हणजे मी प्रमाणित, अव्वल दर्जाचा लिंबूटिंबू. अठरा भोकं, दर भोकाला तीन फटके माफ. फरक एवढाच की इथे लिंबूटिंबूचे गुण धरतात, आणि तो जिंकूही शकतो.

बहुतेक दिवशी स्पर्धा असते ती स्टेबलफर्डची. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड हे शल्यविशारद होते. त्यांच्या पद्धतीची पहिली नावाजलेली स्पर्धा इंग्लंडात वॉलेसी इथे १९३२ मध्ये झाली. डॉक्टरांनी रोग अचूक ओळखला होता: एका भोकावर माणसाचा सत्यानाश झाला की उरलेली सतरा तो खेळतच नाही, नुसता चालतो. म्हणून त्यांनी प्रत्येक भोकाचा हिशेब तिथल्या तिथे मिटवला. ठरल्या फटक्यांत गेलात तर २ गुण, एक जास्त लागला तर १, एक कमी तर ३. दोन जास्त झाले की शून्य, मग चेंडू उचलायचा आणि पुढे निघायचं. उधारी पुढच्या पानावर ओढायची नाही. चार फटक्यांच्या भोकावर माझे तीन माफ धरून सात झाले. आठला एक गुण, नऊला काही नाही.

मला हे सांगितलं होतं, पण ऐकलं कुणी? नवव्या फटक्याला चेंडू वाळूच्या खड्ड्यात. दहाव्यालाही तिथेच. मागचे चौघं थांबलेले, त्यातला एक काठीवर हनुवटी टेकून. माझा हिशेब लिहिणारे गृहस्थ निवृत्त इंग्रज इंजिनिअर (आपला हिशेब आपण लिहायचा नाही, दुसऱ्याने लिहायचा, ही रीत मला फार आवडली), ते नम्रपणे म्हणाले, "उचला आता." मला वाटलं अपमान केला. डाव अर्धा टाकून पळणारा आमच्या गल्लीत पुन्हा खेळायला मिळत नसे. मी अकराव्याला बाहेर काढला आणि मुलाच्या तोंडाकडे बघितलं. तो म्हणाला, "बाबा, काय करूलाय हे?" इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून बेळगावी निघाली नव्हती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. तेव्हा नवशिक्याने एवढा एक नियम पाठ करावा: उचला म्हटलं की उचला. सबंध गोल्फमध्ये नवशिक्याला पहिल्या दिवसापासून अचूक जमेल अशी हीच एक क्रिया आहे.

चेंडू हरवला तर तीन मिनिटं शोधायचा. २०१९ च्या आधी पाच होती. नंदगडच्या माणसाला तीन मिनिटं पुरत नाहीत. आपण विटीसाठी सांजवेळेपर्यंत काजूच्या जाळीत हात घातलेले. मला माझा एकदाही सापडला नाही, पण दुसऱ्यांचे चार सापडले. सोडून दिलेला माल आहे, ठेवा म्हणाले. ठेवले.

त्याच इंजिनिअर गृहस्थांनी गाडीत बसल्यावर विचारलं, तुमचं गाव कुठलं. आता गप्पांत इतिहास काढू नये हा सभ्यतेचा नियम, खरं मला राहवलं नाही. म्हटलं, तुमच्या बेटांबाहेरचा सगळ्यात जुना गोल्फ क्लब तुम्ही कलकत्त्याला काढलात १८२९ साली, आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आतबाहेर, २६ जानेवारी १८३१ ला, आमच्या गावात संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिलीत. ते वडाचं झाड आमच्याकडे अजून दाखवतात. गृहस्थ बराच वेळ पुढे बघत राहिले. पुढच्या हिरवळीवर माझा चेंडू भोकापासून चांगला दोन हात लांब होता; "राहू द्या, धरला," म्हणाले. स्पर्धेत अशी सवलत देता येत नाही, असं मुलाने नंतर सांगितलं. मी ती नाकारली नाही.

मधल्या एका दिवशी चौघांचा संघ करतात. चौघांनी मारायचं, ज्याचा बरा पडला तिथून पुन्हा चौघांनी. नवशिक्याचा चेंडू दिवसभरात एकदा निवडला जातो, तोही सगळ्यांना जेवायची घाई झाली असताना.

राजकारण कळायला मला चार दिवस लागले. जिंकणाऱ्याचे माफीचे फटके सोसायटी पुढच्या वेळी कापते. म्हणून शहाणी माणसं शेवटच्या दोन भोकांवर अचानक म्हातारी होतात. जो मुद्दाम वाईट खेळून माफी वाढवतो आणि मोठ्या बक्षिसाच्या दिवशी नीट खेळतो, त्याला ते सँडबॅगर म्हणतात, वाळूचं पोतं. आमच्या धंद्यात तांदळात खडे घालणाऱ्याला निदान स्वतःचं नाव लपवावं लागतं. तिथे त्याच्यासोबत लोक जेवतात.

शेवटच्या संध्याकाळी बक्षिसं. दोघांचे गुण सारखे झाले तर शेवटची नऊ भोकं मोजतात, तरी सारखे तर शेवटची सहा, मग तीन, मग एक. अशा वेळी सरळ पैसे अर्धे-अर्धे करा असं सुचवू नये. मी सुचवलं, हशा झाला. जाताना बेळगावचा कुंदा दोन किलो न्यावा. माझा तिथे सगळ्यात यशस्वी फटका तोच. हरलेले दोनदा घेतात, जिंकलेले साखर आहे म्हणून घेत नाहीत आणि मग डब्याजवळच घोटाळतात.

गावात परतल्यावर लोक विचारतील, जिंकलं कोण? नीट सांगायला गेलात तर बाजार उठेल. "पोरगं बरं खेळतं," एवढंच म्हणावं.

राहिले ते चार चेंडू. दोन नातवाने दुकानामागच्या गटारात घालवले, एक काट्याजवळ ठेवलाय. चौथा गवंड्याने मागून नेला. माझ्या मागच्या पडवीचं सिमेंट त्याने नुकतंच केलं होतं. मधोमध ठेवून तो उकिडवा बसला, मीही बसलो. तिथल्या हिरवळीवर आठवडाभर असाच बसून उतार बघत होतो, एकदाही कळला नव्हता. चेंडू जरा थांबला, मग हळूहळू घरंगळत निघाला आणि मोरीकडे पाठ करून सरळ माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला जाऊन लागला.

"मामा," गवंडी म्हणाला, "पावसाळ्याच्या आधी बघूया."