चौकशीमास्तर

कणकवलीत कॉम्प्युटर बिघडला की दोन तऱ्हेची माणसं मिळतात. पहिला तरुण असतो. बाइकवरून उतरताना हेल्मेट काढत नाही, स्क्रीनकडे दारातूनच बघतो आणि "फॉरमॅट मारूक होयो" असं सांगून संध्याकाळी यायचं कबूल करतो. संध्याकाळी तो खरोखर येतो, खरोखर फॉरमॅट मारतो, आणि जाताना तुमची श्रीलिपी, लेकीच्या बारशाचे फोटो आणि प्रिंटरचा ड्रायव्हर असं सगळं नाहीसं करून जातो. कॉम्प्युटर मात्र चालू असतो, त्यामुळे तक्रारीला जागा राहत नाही.

दुसरे चौकशीमास्तर. मास्तरांनी कुठल्या शाळेत शिकवलेलं नाही. प्रश्न विचारतात म्हणून मास्तर. अशी माणसं कुडाळात आहेत, सावंतवाडीत आहेत, पण कणकवलीचा नमुना जास्त पिकलेला. इथे हायवे आहे, रेल्वे आहे, मंगळवारचा बाजार आहे. फोंड्यापासून खारेपाटणपर्यंतचा माणूस काही ना काही कामाला पटवर्धन चौकात उतरतो, आणि "खय चललास? कित्याक?" या दोन प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय त्याला चौक ओलांडता येत नाही. इतर गावांत याला भोचकपणा म्हणत असतील. मास्तरांनी त्याचा धंदा केला.

ते आले की खुर्ची ओढतात आणि मॉनिटरकडे पाठ करून, मालकाकडे तोंड करून बसतात. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, यांना बहुतेक दिसलं नाही कॉम्प्युटर कुठे आहे तो.

"काय झाला?"

"फोल्डर उघडणा नाय. उघडूक गेलंय की पांढरो पडता, मगे खालची पट्टीसुद्धा जाता."

"सगळे फोल्डर, काय एकच?"

"तसा बघूक नाय."

"कधीपासून?"

"काल सांजेपासून."

"काल सांजेक लाइट गेल्ली. तेव्हा काय चलला हुता?"

"काय नाय."

"काय नाय कसा? पेनड्राइव कोणी घातल्यान?"

इथे मालक आत बघतो, आतून मुलगा बाहेर बघतो, आणि मास्तर दोघांकडे बघतात. मास्तरांचा अनुभव असा की कणकवली तालुक्यातले सगळे कॉम्प्युटर आपोआप बिघडतात. कोणीही कधीही काहीही केलेलं नसतं. वीज गेलेली नसते, काही डाउनलोड केलेलं नसतं, मुंबईहून भाचा आलेला नसतो. चहा येईपर्यंत मात्र वीज गेलेली असते, आणि चहा संपेपर्यंत भाचाही आलेला असतो.

मग मास्तर खुर्ची फिरवतात आणि डाव्या हाताने कंट्रोल, शिफ्ट, एस्केप या तीन कळा एकदम दाबतात. टास्क मॅनेजर उघडतो. त्या यादीतून विंडोज एक्स्प्लोरर शोधून त्याला रिस्टार्ट करतात, आणि तो यादीतच नसेल तर वरच्या मेनूतून नवीन टास्क घेऊन 'एक्स्प्लोरर डॉट ईएक्सई' असं हाताने टाइप करतात. खालची पट्टी परत येते, आयकॉन परत येतात, मालकाच्या बायकोचा जीव भांड्यात पडतो. खरं तर इथेच पैसे घेऊन उठायला हरकत नसते. पण आता मास्तर समजावायला बसतात. फोल्डरची खिडकी, खालची पट्टी आणि डेस्कटॉपवरचे आयकॉन हे तिन्ही एकाच प्रोग्रॅमचे खेळ आहेत, म्हणून एक गेलं की तिन्ही जातात. फाइलींना काही झालेलं नसतं. कोरलसारखा दुसरा प्रोग्रॅम उघडा असेल तर तोही चालूच राहतो. "देव खय गेलो नाय," मास्तर म्हणतात, "गुरव उठान गेलो. म्हणान देऊळ बंद दिसता."

या गुरवाचा इतिहास मास्तरांना तोंडपाठ आहे आणि तो कोणाला विचारावा लागत नाही. १९९० च्या विंडोज ३.० मध्ये फाइल मॅनेजर होता. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं, तेव्हा तो मागे पडला आणि त्याच्या जागी विंडोज एक्स्प्लोरर बसला. २०१२ ला विंडोज ८ मध्ये त्याचं नाव फाइल एक्स्प्लोरर झालं. मास्तर नवं नाव घेत नाहीत. सनावळ्या जुळवायचा त्यांना नादच आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला, म्हणून जिल्हा आणि पीसी एका वयाचे. कोकण रेल्वे जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि जूनमध्ये विंडोज ९८ आलं. दोघांपैकी वेळेवर कोण, हे मास्तर सांगत नाहीत, फक्त हसतात.

२०२२ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर बंद केल्याची बातमी पेपरात आली, तेव्हा कलमठचे एक निवृत्त तलाठी घाबरले. एक्स्प्लोरर बंद म्हणजे फोल्डर बंद, या हिशोबाने त्यांनी सगळ्या फोल्डरांची नावं दोनशे पानी वहीत उतरवून काढली, शेजारी शेरा रकाना आखून. हा एक्स्प्लोरर वेगळा आणि तो वेगळा हे मास्तरांनी त्यांना नीट समजावलं. वही मात्र मास्तरांना फार आवडली. अशी वही प्रत्येकाने ठेवावी असं त्यांचं मत झालं.

मास्तरांचं खरं तेज बघायचं असेल तर लग्नसराईत फोटो स्टुडिओत बघावं. एका स्टुडिओत एक फोल्डर उघडला की एक्स्प्लोरर मरत असे. बाइकवाला येऊन आपलं सुप्रसिद्ध वाक्य बोलून गेला होता. मास्तरांनी विचारलं, बाकीचे फोल्डर उघडतात का? उघडतात. "मगे एक्स्प्लोरराक काय झाला नाय. फोल्डरात काय तरी आसा." त्यांनी फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन थंबनेल बंद केली, नुसते आयकॉन ठेवले. फोल्डर गुमान उघडला. मग त्यातल्या अर्ध्या फाइली दुसरीकडे हलवून बघितल्या, मग त्या अर्ध्यातल्या अर्ध्या, असं करत करत एक व्हिडिओ सापडला. कॉपी चालू असताना वीज गेली होती आणि तो अर्धाच उतरला होता. त्या अर्धवट व्हिडिओचं चिमुकलं चित्र काढायच्या प्रयत्नात एक्स्प्लोरर दर वेळी जीव देत होता. फाइल उडवली, थंबनेल परत चालू केली, काम संपलं. पण व्हिडिओ कोणाच्या लग्नाचा, मुलगी कुठली, वरात आचऱ्याला गेली की परत आली, आणि मूळ कार्ड अजून कॅमेऱ्यात आहे का, हे विचारण्यात त्याहून जास्त वेळ गेला. यातला शेवटचा प्रश्न स्टुडिओवाल्याला सुचला नव्हता. कार्ड कॅमेऱ्यात होतं आणि संध्याकाळी पुसलं जाणार होतं.

राइट क्लिक केलं की कॉम्प्युटर बसतो, ही तक्रार मे महिन्याची. भाचे मे महिन्यात येतात. राइट क्लिकच्या मेनूत विंडोजच्या स्वतःच्या ओळी थोड्या आणि पाहुण्या प्रोग्रॅमांनी घुसवलेल्या ओळी पुष्कळ असतात. तीन तऱ्हेचे झिपवाले, दोन अँटिव्हायरस, एक ड्रायव्हर अपडेट करून देणारा. त्यातला एक जरी नाठाळ निघाला तरी एक्स्प्लोरर त्याच्याबरोबर बुडतो. मास्तर शेलएक्सव्ह्यू नावाचं छोटं साधन उघडतात, परक्या ओळींपैकी निम्म्या बंद करतात, बघतात, पुन्हा निम्म्या. दोषी सापडला की विचारतात, "ह्यो कोणी घातल्यान?" घरचे म्हणतात, कोणी नाही. मास्तर इन्स्टॉल झाल्याची तारीख वाचून दाखवतात. त्या तारखेला कोण घरी होतं ते सगळ्यांना आठवतं.

कार्यालयात गेले की मास्तर आणखी फुलतात. एका पतसंस्थेत एक्स्प्लोरर उघडायला इतका वेळ लागत असे की कर्मचारी तो उघडायला लावून पासबुकं भरून घेत. मास्तरांनी विचारलं, हे 'झेड' ड्राइव्ह कोणाचं? ते आधीच्या हेडक्लार्कच्या कॉम्प्युटरचं. हेडक्लार्क कुठे आहेत? निवृत्त झाले. आणि कॉम्प्युटर? तो माळ्यावर. म्हणजे रोज सकाळी एक्स्प्लोरर माळ्यावरच्या बंद कॉम्प्युटरला हाका मारत होता आणि उत्तराची वाट बघत होता. मास्तरांनी ते ड्राइव्ह तोडलं, क्विक ॲक्सेसमधला त्याचा पिन काढला. हेडक्लार्क निवृत्त होऊन कुठे असतात, पेन्शनचं झालं का, याचीही माहिती घेतली आणि घरी जाताना वाटेत त्यांच्याकडे डोकावून आले.

हायवेच्या कामावरच्या एका ठेकेदाराला कन्स्ट्रक्शनची फाइल 'सीओएन' या तीन इंग्रजी अक्षरांत ठेवायची होती आणि विंडोज ते नाव काही केल्या घेईना. ठेकेदाराला व्हायरसचा संशय, साहेबाला ठेकेदाराचा. मास्तरांनी सांगितलं की हे नाव डॉसच्या काळापासून राखीव आहे. तेव्हा कन्सोल म्हणजे कीबोर्ड आणि पडदा, त्यांचं ते नाव. 'पीआरएन', 'एयूएक्स', 'एनयूएल' हीही तशीच. चाळीस वर्षांनंतरही विंडोज ती जागा सोडत नाही. ठेकेदार म्हणाला, जमीन संपादनाचं पण असंच असतं. मास्तरांनी लगेच विचारलं, कुठली जमीन?

सिस्टिम फाइल तपासणारी 'एसएफसी स्कॅननाऊ' ही आज्ञा मास्तर शेवटी चालवतात. ती बरोबर आहे म्हणूनच, पण तिला वेळ लागतो हाही गुण आहे. शंभर टक्के होईपर्यंत घरातल्या भावकीचा निम्मा इतिहास ऐकून होतो.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की मास्तर गावभर बातम्या नेत असतील. तसं नाही, आणि माझ्या मते मास्तरांची खरी ओळख इथे आहे. विंडोज १० पासून एक्स्प्लोरर उघडला की समोर अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी येते. ती यादी बिघडली तरी एक्स्प्लोरर बसतो, म्हणून ती पुसणं हा दुरुस्तीचा एक नेहमीचा उपाय आहे. त्या यादीत काय काय असतं! मोठ्या भावाला न कळवता केलेला वाटणीचा मसुदा, मुलाचा दुबईचा अर्ज, डॉक्टरांचा रिपोर्ट. चौकातून जाणाऱ्या माणसाला पिशवीत काय आहे विचारणारे मास्तर इथे एक अक्षर बोलत नाहीत. ऑप्शन्समध्ये जातात, क्लिअर म्हणतात आणि मालक स्वयंपाकघरातून परत यायच्या आत यादी कोरी झालेली असते. जे विचारून कळतं ते मास्तर चार जणांना सांगतील. जे न विचारता दिसलं ते त्यांनी कोणाला सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही.

दुसरी गप्प राहायची वेळ डिस्कची. फोल्डर उघडताना एक्स्प्लोरर अडकतो आणि आतून टक टक असा आवाज येतो. मास्तर हात वर करून सगळ्यांना थांबवतात, कॅबिनेटला कान लावतात. अशा वेळी चेकडिस्क चालवत नाहीत, रिस्टार्टही करत नाहीत. मरणाऱ्या डिस्कला जास्त पळवलं तर उरलेलंही जातं. आधी महत्त्वाचं काय ते विचारतात, आणि तो एकच प्रश्न असतो. मग दुसरी डिस्क लावून तेवढं उतरवून घेतात. पावसाळ्यात हे प्रसंग वाढतात असं त्यांचं म्हणणं. वीज दिवसातून चार वेळा जाते, कॅबिनेटात मुंग्या असतात, एकदा कुंभारीण माशीने यूएसबीच्या भोकात मातीचं घर बांधलेलं निघालं. कुंभारणीच्या वेळी मात्र मास्तर बोलले. "हिका विचारूक होया, कधीपासून ऱ्हवतंस."

मास्तरांचे पैसे ठरलेले नाहीत. तरुण फॉरमॅटवाला त्यांच्याहून जास्त कमावतो आणि दिवसाला चार घरं जास्त करतो. मास्तर एका घरात दुपार घालवतात. कोणाला घाई असेल तर त्याने पहिल्यालाच बोलवावं, त्यात काही चूक नाही. विंडोज पार सडलं असेल तर फॉरमॅट हाच उपाय असतो, आणि मास्तरही तेव्हा तो मारतात, फक्त आधी विचारून. पण ज्याच्या डिस्कवर आजीचा एकुलता एक आवाज आहे, त्याने विचारणारा माणूस बोलवावा.

तुमचा एक्स्प्लोरर बसलाच तर आधी त्या तीन कळा दाबून बघा. एकच फोल्डर छळतो की सगळे, ते बघा. काल काय नवीन घातलं ते घरात खरं खरं विचारून घ्या. आणि हे मास्तर नाही, मी सांगतो: फोटोंची एक प्रत आजच दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा, टक टक सुरू व्हायच्या आत.