ताशी ४०० किलोमीटर, व्हाया जऊळका

मोटारशर्यतीच्या व्हिडिओ खेळांचा इतिहास सांगताना टोकियो, ओसाका आणि कॅलिफोर्निया यांची नावे घेतल्यावाचून अभ्यासकाचे भागत नाही. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील जऊळका रेल्वे या गावाचे नाव मात्र आजवर कोणीही घेतलेले नाही, आणि त्यामुळे गावाचे फारसे अडले आहे असेही दिसत नाही. तरीही खेळ कोठे बनला याइतकाच तो कोणी, कोणत्या रस्त्यावरून घरी येऊन खेळला हा प्रश्न महत्त्वाचा मानला, तर जऊळक्याचा दावा एकदम भक्कम होतो, कारण ताशी ४०० किलोमीटर हा आकडा आणि मालेगावकडून गावात येणारा रस्ता यांच्यात जेवढे अंतर आहे तेवढे अंतर ओसाकाच्या खेळाडूला कल्पनेतही कापता आले नसते.

या खेळांची वंशावळ थोडक्यात अशी. नाणे टाकून चालणाऱ्या, दुकानात किंवा जत्रेत उभ्या असलेल्या खेळयंत्रांना आर्केड म्हणतात. १९७४ मध्ये अटारी या अमेरिकी कंपनीने ‘ग्रॅन ट्रॅक १०’ हे यंत्र काढले, ज्यात शर्यतीचा अख्खा मार्ग पडद्यावर वरून पाहिल्यासारखा दिसे आणि गाडी त्यात फिरत राही. त्याच वर्षी जपानच्या टैटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पीड रेस’ रचला. गाडी पडद्याच्या तळाशी जवळजवळ जागच्या जागी ठेवायची आणि रस्ताच वरून खाली सरकवायचा, ही त्यातली युक्ती. (हेच निशिकादो पुढे १९७८ च्या ‘स्पेस इनव्हेडर्स’मुळे जगप्रसिद्ध झाले, परग्रहवासीयांना जी प्रसिद्धी मिळते ती मोटारीला मिळत नाही.) या सरकत्या रस्त्याच्या घराण्यात कोनामी कंपनीचा ‘रोड फायटर’ १९८४ मध्ये जन्मला, पुढच्या वर्षी तो निन्तेन्दोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रावर आला, आणि फॅमिकॉमच्याच धर्तीवरची ‘सामुराई’, ‘लिटल मास्टर’ यांसारखी यंत्रे भारतात विकली जाऊ लागल्यावर नव्वदीच्या दशकात तो मराठी घरांतल्या टीव्हीसमोर येऊन बसला.

खेळाचे नियम साधे दिसतात, आणि म्हणूनच ते नीट पाहिले पाहिजेत. दोन कळांपैकी ‘बी’ दाबली की गाडी मध्यम वेगाने जाते आणि ‘ए’ दाबली की थेट ४०० पर्यंत पोहोचते. ब्रेकची कळ नाही, ज्याला थांबायचे असेल त्याने बोट उचलावे. वाटेत इतर गाड्या येतात, त्यांतल्या काही सरळमार्गी असतात तर काही, मागून कोणी आले हे कळताच, नेमक्या त्याच्याच पुढ्यात सरकतात. एखादीला नुसता धक्का लागला तर खेळाडूची गाडी भेलकांडते आणि योग्य क्षणी योग्य बाजूची कळ दाबली तर सावरते. ट्रकला धडक बसली तर सावरण्याचा प्रश्नच उरत नाही. रस्त्यावर तेल सांडलेले असते. खेळाडूला इतर खेळांत मिळतात तसे तीन-चार जन्म येथे मिळत नाहीत, कितीही वेळा गाडी फुटली तरी ती कडेला पुन्हा उभी राहते, फक्त दर अपघाताला इंधन घटते आणि इंधन संपले की खेळ संपतो. मधूनच एक रंगीबेरंगी गाडी येते, तिला मात्र धडकायचेच असते, कारण तिच्यातून पेट्रोल मिळते. आणि यातली खरी मेख अशी की हे इंधन अंतराच्या नव्हे तर वेळेच्या हिशेबाने जळते. गाडी कितीही जपून चालवली तरी आकडा उतरतच राहतो, किंबहुना जपून चालवणाराच अर्ध्या वाटेत कोरडा पडतो.

आता ४०० या आकड्याविषयी. ताशी ४०० म्हणजे सेकंदाला सुमारे १११ मीटर. या वेगाने मालेगावहून निघालेला माणूस जऊळक्याचा फाटा दिसला असे म्हणेपर्यंत फाट्याच्या पुढे गेलेला असेल. तरीही पडद्यावर पुढचा ट्रक अगदी सावकाश जवळ येतो, त्याची मागची बाजू पुरती निरखता येते, त्याला कोणत्या बाजूने काढावे याचा विचार करायलाही सवड मिळते. यावरून दोनच निष्कर्ष संभवतात: एकतर त्या रस्त्यावरचा भरलेला ट्रकही ताशी तीनशेच्या पुढे धावत असला पाहिजे, नाहीतर पडद्यावरचा वेगाचा आकडा निव्वळ खेळाडूचे मन राखण्यासाठी लिहिलेला असला पाहिजे. सरकारी वेळापत्रकांच्या वाचकाला दुसरा निष्कर्ष अधिक पटतो.

जऊळका हे गाव अकोला-पूर्णा लोहमार्गावर आहे आणि त्याच्या नावातला ‘रेल्वे’ हा शब्द नुसता सन्मानार्थी नाही. नव्वदीच्या दशकात हा मार्ग मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला, होता. त्याचे रूपांतर होऊन १,६७६ मिलिमीटरची ब्रॉडगेज आली ती २००८ मध्ये. गाव त्या काळी अकोला जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा झाला आणि गावातली सारी मुले, जागेवरून न हलता, एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेली, जे निशिकादोंच्या मूळ युक्तीला धरूनच होते. अशा गावात ज्या घरी व्हिडिओ गेम असे त्या घराला दिवाळीच्या सुट्टीत शाळेचे स्वरूप येई. खेळाच्या चौकोनी डबीला सर्वत्र ‘कॅसेट’ म्हणत. ती लागली नाही की काढून तिच्या खालच्या फटीत जोरात फुंकर मारायची, शर्टाला पुसायची आणि पुन्हा बसवायची, हा विधी कोणत्याही माहितीपुस्तकात नसताना देशभर एकाच पद्धतीने पाळला गेला, ही लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांनी दखल घ्यावी अशी बाब आहे. टीव्ही कृष्णधवल असला तर मुख्य अडचण पुढेच होती: सरळमार्गी, आडवी घुसणारी आणि पेट्रोल देणारी या तिन्ही गाड्या राखाडीच्याच तीन छटांत दिसत, त्यामुळे मित्र कोण आणि शत्रू कोण हे धडकल्यावरच कळे. या शिक्षणाचा पुढे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अनेकांना उपयोग झाला असावा.

आणि लाईन. विजेला विदर्भात लाईन म्हणतात, आणि ती येण्यापेक्षा जाण्याच्या संदर्भात तिचा उल्लेख अधिक होतो. ‘रोड फायटर’मध्ये खेळ जपून ठेवण्याची सोय नाही, लाईन गेली की खेळाडू, त्याचे गुण, त्याने प्राणपणाने वाचवलेले पेट्रोल, सगळे एकाच क्षणी नाहीसे होई आणि परत आल्यावर पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करावी लागे. शेतीपंपाला लाईन रात्री येणार म्हणून दिवसभर वाट पाहणाऱ्या बापाला मुलाचे हे दुःख पटण्यासारखे होते, पण त्याने तसे कधी बोलून दाखवले नाही.

ज्यांच्या घरी टीव्हीच नव्हता त्यांच्यासाठी जत्रेत सेलवर चालणारा ‘ब्रिक गेम’ होता, ज्यावर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे आणि आत मोजकेच खेळ वेग बदलून पुन्हा पुन्हा दाखवलेले असत. डव्ह्याला नाथनंगे महाराजांच्या यात्रेला किंवा पोहरादेवीला रामनवमीला गेलेले मूल तो खेळ घेऊन परतले, की घरात दिवसभर एकच टिवटिव ऐकू येई. त्याच्या पडद्यावर आडवे १० आणि उभे २० चौकोन असत आणि त्यात मोटार सात चौकोनांची: वर एक, मग ओळीने तीन, मग एक, खाली दोन्ही बाजूंना एकेक. हात पसरून, पाय फाकवून उभ्या असलेल्या शेतातल्या बुजगावण्यासारखी ती दिसे, आणि ही मोटारच आहे हे मुलांनी एकमताने मान्य केले, यावरून त्या वयाची उदारता लक्षात यावी.

‘रोड फायटर’च्या पुनर्भेटीचा प्रश्न आता घेता येईल. आज टीव्हीच्या पाठीमागे खोचायची एक काडी ऑनलाइन मिळते, तिच्याबरोबर दोन बिनतारी रिमोट येतात आणि त्या काडीत असे हजारो जुने खेळ असतात. ‘रोड फायटर’ हा संपूर्ण खेळ तर अवघ्या काही किलोबाइटांचा आहे, म्हणजे व्हॉट्सअॅपवर सकाळी येणाऱ्या गुलाबाच्या फुलाचे वजन त्याहून जास्त भरते. पुण्यात नोकरी करणारा, चाळिशी ओलांडलेला मूळचा जऊळकेकर ही काडी घेऊन दिवाळीत गावी येतो, आणि बालपणी शेवटचा टप्पा गाठलेला हा वीर पहिल्याच टप्प्यात पेट्रोल संपवून बसतो. कारण वयाने बोटे मंदावली हे नाही. कारण मधल्या काळात त्याला गाडी चालवता येऊ लागली आहे.

प्रत्यक्ष रस्त्याने शिकवलेला एकूण एक गुण येथे दोष ठरतो. समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी १२० ची मर्यादा असल्याने त्याचा पाय आपोआप सैल होतो. महामार्ग सोडून गावाच्या रस्त्याला लागले की दिवाळीच्या सुमारास अर्ध्या डांबरावर सोयाबीन वाळत घातलेले असते, कडेने दगड मांडलेले असतात आणि दगडांपलीकडे बसलेली म्हातारी गाडीकडे न पाहता फक्त चाकाकडे पाहते. या नजरेखालून गेलेला माणूस पडद्यावरही तेलाचा डाग दिसताच बोट उचलतो. समोर ट्रक आला की तो त्याला वाट देतो, जरी ट्रक त्याच दिशेने जात असला तरी. पेट्रोलची रंगीत गाडी आली की तिला धडकायच्या ऐवजी तो शिस्तीत अंतर राखतो, कारण विमा, पोलीस आणि बंपरचा खर्च हे तीन विचार त्याच्या बोटांत मुरलेले असतात. उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवण्याची वऱ्हाडी विद्या तर येथे अगदीच वाया जाते. शेजारी बसलेल्या भाच्याला हा सारा प्रकार पाहवत नाही.

“मामा, दाबा ना जोरानं, पेट्रोल सरून राह्यलं!”

“अरे, पण समोर ट्रक आहे.”

“मंग काय झालं?”

या प्रश्नाला वाहनचालकाकडे उत्तर असते, खेळाडूकडे नसते. ज्याच्याकडे परवाना नाही, ज्याने पेट्रोलचा भाव कधी चुकता केलेला नाही आणि ज्याला ट्रकवाल्याशी कधी बोलावे लागलेले नाही, त्याच्यासाठीच हा खेळ रचलेला आहे. आणि म्हणून ज्या बालपणाला भेटायला हा गृहस्थ काडी विकत घेऊन आला, ते शेजारीच मांडी घालून चिवडा खात बसलेले असते.

यावर घरच्या घरी जो उपाय निघाला तो तांत्रिक होता. ‘रोड फायटर’ एकावेळी एकानेच खेळायचा खेळ आहे, दुसऱ्या रिमोटला त्यात काहीही काम नसते, आणि ही माहिती भाच्याला होती. मामाच्या हाती दुसरा रिमोट गेल्यापासून गाडी ४०० ने धावू लागली; मामा वळणावर अंगाने वळत होते, तेलाच्या डागाआधी बोट उचलत होते आणि घाई न केल्यामुळे कसे सगळे साधते हे मागे बसलेल्यांना समजावून सांगत होते. पहिला टप्पा पार झाला, तेव्हा पेट्रोल शिल्लक होते. दुसराही आपणच चालवू, असे त्यांनी जाहीर केले, आणि भाच्याने चिवड्याचे हात पुसून लगेच संमती दिली.