आठ दिवसांत कानसेन

तानसेन व्हायला गुरू लागतो, पहाटे उठावं लागतं. कानसेन व्हायला आता चार्ज केलेला मोबाइल पुरतो. त्यातून भोपाळला शाहपुऱ्यात राहत असाल तर फारच सोय. तळ्याकाठी संध्याकाळी दोन फेऱ्या मारा, कुणीतरी मराठी गृहस्थ घरगुती बैठकीला बोलावतोच.

१. सूर मोजणारं फुकटातलं अ‍ॅप घ्या. त्यात सप्तकाचे १२०० सेंट असतात. सेंट म्हणजे काय ते समजावत बसू नका, नुसता शब्द टाका. गायिकेची पट्टी काळी चार का पाच ते विचारून घ्या. तेवढ्यानंच निम्मी बैठक दबते.

२. तानपुरा लागत असताना जवळ जाऊ नका. तारा जुळल्या, काटा हिरवा झाला, तरी बाई नाखूशच असतात. जवारीचा दोरा केसभर सरकवतात, काटा जागचा हलत नाही आणि खोली मात्र एकदम भरून येते. नवशिक्याचं मन इथेच खचतं. खचू देऊ नका.

३. तबल्यापासून लांब बसा. तो षड्जात लावलेला असतो, त्यामुळे अ‍ॅप गायिकेला सोडून तबलजीलाच शाबासकी देत बसतं.

४. आता यमनच्या गंधारावर टपून राहा. बाई त्यावर विसावतील, सगळे ‘वाहवा’ म्हणतील आणि नेमका तेव्हाच काटा लाल होईल : १४ सेंट उतरला! मान खाली घालून हळूच ‘च्‌ च्‌’ करा. खरी भानगड अशी, की अ‍ॅपचा गंधार पेटीचा, ४०० सेंटवरचा. तानपुऱ्याच्या खर्जातून जो आपोआप उमटतो, तो ३८६ वर. बाई त्यात मिसळल्या म्हणून तर दाद आली. पण हे कबूल केलंत की आठवड्याची मेहनत वाया. चार तारांत गंधाराची एकही नाही, मग तो ऐकू येतो कसा, असं एखाद्या आजींनी विचारलंच तर पाणी प्यायला उठा.

५. दरबारी सुरू झाला तर फोन खिशात. त्यातला आंदोलित कोमल गंधार काट्याला पावसातल्या वायपरसारखा हलवतो आणि घेरी तुम्हाला येते.

६. चहाच्या वेळी इतिहास काढा. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मदतीनं बावीस श्रुती मोजल्या, १९१० साली पुस्तक काढलं. क्लेमेंट्स या गोऱ्या अधिकाऱ्यानं त्या श्रुतींची पेटीसुद्धा करवली. इथे थांबा. १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत त्यावरून वाद झाला, हे कशाला सांगायचं? १९६३ साली जयराझभॉय आणि स्टोन या संशोधकांनी यंत्रावर मोजलं तेव्हा तोच सूर कलावंतागणिक वेगळा निघाला, हे तर मुळीच नको.

७. निघताना यजमानीणबाई हटकून म्हणतील, ‘‘एवढं कळतं तुम्हाला, तर एकदा सा लावून दाखवा ना!’’ म्हणून चपला आल्या आल्याच दाराकडे तोंड करून काढाव्यात.